चित्रपट : पदवीचा दुय्यम विषय आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. त्यानुसार महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवी अभ्यासक्रमाची नवी रचना अंमलात आली. विद्यार्थ्याने एक मुख्य विषय निवडावा आणि त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय सलगपणे अभ्यासावा, हे या रचनेचे एक प्रमुख सूत्र आहे. ज्या महाविद्यालयांनी तशी सोय केली आहे, तेथे चित्रपट हा विषयही अशा प्रकारे घेता येतो.

ही वार्ता गावातील घरात पोहोचते तेव्हा पालकांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो पोटापाण्याचा. मुलाला किंवा मुलीला तालुक्याच्या गावी ठेवून शिकवायचे, एस. टी.चा पास, वसतिगृह आणि पुस्तके यांचा खर्च सोसायचा आणि तिने सिनेमा शिकायचा, हे कसे? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर देताना चित्रपटव्यवसायाचे रंगीत चित्र उभे करणे जितके चुकीचे, तितकेच हा विषय म्हणजे केवळ करमणूक असे समजून तो बाजूला सारणेही चुकीचे होय. हा विषय कशासाठी घ्यावा, त्यात काय शिकावे आणि प्रत्यक्ष अनुभव कोठे मिळवावा, याची माहिती शिक्षक, अधिकारी आणि पंचायतींचे सदस्य यांना असेल, तर विद्यार्थ्यास योग्य सल्ला मिळू शकेल.

दुय्यम विषय म्हणजे काय?

नव्या रचनेत अभ्यासाचे मोजमाप श्रेयांकांनी होते. साधारणतः १५ तासांच्या व्याख्यानांना १ श्रेयांक आणि ३० तासांच्या प्रात्यक्षिकाला १ श्रेयांक असे प्रमाण आहे. तीन वर्षांच्या पदवीत दुय्यम विषयासाठी साधारणपणे १८ ते २० श्रेयांक असतात. समजा, १८ पैकी ९ श्रेयांक व्याख्यानांचे आणि ९ प्रात्यक्षिकांचे ठेवले, तर विद्यार्थ्यास १३५ तास ऐकण्याचे व वाचण्याचे आणि २७० तास हाताने काम करण्याचे मिळतील. चारशेहून अधिक तासांचा हा काळ लहान नाही. त्याचा उपयोग नीट झाला, तर विद्यार्थी एका कलेशी आणि तंत्राशी पक्की ओळख करून घेऊ शकतो.

याशिवाय क्षेत्र प्रकल्प, समाजसहभागाचे उपक्रम आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांनाही या रचनेत स्वतंत्र श्रेयांक आहेत. चित्रपटाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची आहे. गावातील एखाद्या विषयावर त्याने केलेला माहितीपट किंवा चित्रीकरणस्थळी केलेली उमेदवारी, महाविद्यालयाने रीतसर मान्यता दिल्यास, त्याच्या पदवीचा भाग होऊ शकते. जेथे चित्रपट हा दुय्यम विषय म्हणून उपलब्ध नाही, तेथे खुल्या निवडीचा किंवा कौशल्यवृद्धीचा लहान अभ्यासक्रम म्हणून तो सुरू करण्याचा विचार महाविद्यालयास करता येईल.

महाराष्ट्रातील परंपरा

चित्रपट ही आधीच्या एखाद्या विद्येला जोडून घेण्याची आणि हाताने काम करीत शिकण्याची गोष्ट आहे, याची साक्ष महाराष्ट्राच्या चित्रपटाचा इतिहासच देतो. त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील आरेखनाचे काम आणि मुद्रण हे त्यांचे व्यवसाय झाले. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी कॅमेरा व इतर सामग्री मिळविली. परत आल्यावर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपली आणि बीजातून वेल वर येताना पडद्यावर दाखविली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची पूर्वतयारी अशी एका रोपापासून झाली होती. त्या कामात सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा मोठा होता. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुण्याची रसायने तयार करणे, उजेड परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळणे ही कामे त्यांनी केली.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मूळचे चित्रकार. नाटकांचे पडदे रंगविता रंगविता ते चलच्चित्राकडे वळले आणि बंधू आनंदराव यांच्यासमवेत त्यांनी स्वतःचा कॅमेरा तयार करण्याचा उद्योग आरंभिला. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी तो पूर्ण केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि व्ही. शांताराम यांनी मिळेल ते काम करीत विद्या संपादन केली. १९२९ मध्ये याच मंडळींनी, इतर सहकाऱ्यांसह, प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. ज्या काळी चित्रपटाचे शिक्षण देणारे विद्यालय नव्हते, त्या काळी कार्यशाळा हेच विद्यालय होते.

अलीकडच्या काळातील उदाहरण सुमित्रा भावे यांचे आहे. त्यांचे शिक्षण सामाजिक शास्त्रांतील आणि कार्य सामाजिक संशोधनातील होते. वस्तीतील स्त्रियांच्या जीवनाचा अभ्यास करीत असता, ज्यांच्याविषयी संशोधन झाले त्यांच्यापर्यंतच ते लिखित अहवालाने पोहोचत नाही, ही अडचण त्यांना जाणवली आणि १९८५ मध्ये त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला. पुढे सुनील सुकथनकर यांच्या सहकार्याने त्यांनी अनेक चित्रपट दिग्दर्शित केले. त्यांच्या ‘कासव’ या चित्रपटास २०१६ या वर्षासाठी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. मुख्य विषय समाजशास्त्राचा आणि जोड चित्रपटाची, ही सांगड किती दूरवर नेऊ शकते हे यावरून दिसते.

मोठ्या शहराबाहेरील महाविद्यालयांतही हे घडू शकते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथील न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयाच्या संज्ञापन अभ्यास विभागात नागराज मंजुळे आणि भाऊराव कऱ्हाडे यांनी शिक्षण घेतले. मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटास २०१० या वर्षासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ची २०१४ या वर्षाच्या राष्ट्रीय पुरस्कारांत दखल घेतली गेली आणि त्याच चित्रपटाच्या स्थळावरील ध्वनिमुद्रणासही पुरस्कार लाभला. शाळेपासून दूर राहिलेला मुलगा आणि मेंढपाळांचे भटके जीवन हे या कृतींचे विषय होते. ज्या परिसरातून विद्यार्थी येतात, तोच परिसर त्यांच्या कामाची सामग्री ठरला.

मुख्य विषयाशी सांगड

दुय्यम विषयाची निवड मुख्य विषय लक्षात घेऊन केल्यास दोन्हींना बळ मिळते. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यास कथेचे पटकथेत रूपांतर कसे होते याचा अभ्यास करता येतो. बोलीभाषेचा कान असलेला विद्यार्थी संवादलेखन, उपशीर्षके आणि भाषांतरित ध्वनिमुद्रण यांत उपयोगी पडतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास निर्मितीचे अंदाजपत्रक, दैनंदिन खर्चाचे हिशेब, करार आणि कर यांचे काम जवळचे वाटेल. चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाची गरज लहानमोठ्या सर्वच निर्मात्यांना असते. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला भिंग, प्रकाश आणि ध्वनी यांचे नियम येथे कामास येताना दिसतात, तर इतिहासाचा विद्यार्थी जुनी छायाचित्रे, दप्तरे आणि वृद्धांच्या आठवणी यांचा उपयोग करून गावाचा इतिहास दृश्यरूपाने मांडू शकतो.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर यात दडलेले आहे. चित्रपटव्यवसायात काम बहुधा एका चित्रपटापुरते मिळते आणि एक काम संपल्यावर दुसरे केव्हा मिळेल याची निश्चिती नसते. म्हणून मुख्य विषय भक्कम ठेवून चित्रपट हा दुय्यम विषय घेणे हा सावध मार्ग होय. शिक्षक, ग्रंथपाल, कृषी पदवीधर किंवा शासकीय कर्मचारी झालेल्या व्यक्तीलाही आपला विषय दृश्यरूपाने समजावून सांगण्याचे कौशल्य जन्मभर उपयोगी पडते. ज्यांना पुढे याच क्षेत्रात जावयाचे असेल, त्यांच्यासाठी पुण्याच्या फिल्म आणि टेलिव्हिजन संस्थेतील बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा मार्ग कोणत्याही शाखेच्या पदवीधरास प्रवेशपरीक्षेद्वारे खुला आहे. चित्रपटसृष्टीत नोकरीची हमी देऊन मोठे शुल्क मागणाऱ्या जाहिरातींना मात्र पालकांनी भुलू नये. तशी हमी या व्यवसायात कोणीही देऊ शकत नाही.

पाहण्याचा अभ्यास

चित्रपट पाहता येणे ही या विषयाची पहिली पायरी आहे. १९४९ मध्ये नेमलेल्या एस. के. पाटील चित्रपट चौकशी समितीने १९५१ मध्ये आपल्या अहवालात चित्रपट-शिक्षणाच्या संस्थेची शिफारस केली. १९६० मध्ये पुण्यात प्रभातच्याच जागेत ही संस्था स्थापन झाली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची भर पडली. २०२२ पासून हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. मूळचे अर्थशास्त्राचे अध्यापक असलेले प्रा. सतीश बहादूर आणि संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी चित्रपट-रसास्वादाच्या शिक्षणाचा पाया घातला. मुंबईत १९६८ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत तो प्रसार नेला.

हाच पाठ महाविद्यालयात देता येतो. एखाद्या चित्रपटातील पाच मिनिटांचा भाग घ्यावा. तो प्रथम नेहमीप्रमाणे दाखवावा, मग आवाज बंद करून दाखवावा आणि शेवटी पडदा झाकून केवळ ऐकवावा. प्रत्येक वेळी काय कळले आणि काय हरवले याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. त्यानंतर दृश्य कोठे तुटते, कॅमेरा जवळ केव्हा जातो, शांतता कोठे आहे, याची यादी करावी. अशा दहा तासांच्या अभ्यासाने विद्यार्थ्याची नजर बदलते. जाहिरात, बातमी आणि प्रचार यांतील जोडतोड ओळखण्याची शक्तीही तिच्याबरोबर येते. भ्रमणध्वनीवर दिवसभर चित्रफिती येऊन आदळण्याच्या आजच्या काळात नागरिकाच्या अंगी ही शक्ती असणे अगत्याचे आहे.

प्रात्यक्षिकाच्या चार पायऱ्या

प्रात्यक्षिकासाठी महागडी सामग्री लागते हा समज दूर व्हावयास हवा. एक चांगला भ्रमणध्वनी, एक तिपाई, एक वेगळा ध्वनिग्राहक, विभागात एक संगणक आणि चित्रण दोन ठिकाणी साठविण्याची सोय एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. उजेड परतविण्यासाठी थर्मोकोलचा पांढरा तक्ता किंवा सरस्वतीबाईंनी वापरली तशी पांढरी चादर पुरते.

पहिली पायरी रोपाची. कुंडीत घेवडा किंवा वाटाणा लावावा, तिपाई एका जागी पक्की ठेवावी आणि रोज ठरावीक वेळी ५ छायाचित्रे घ्यावीत. ४० दिवसांत २०० छायाचित्रे होतील. सेकंदाला २५ या गतीने ती दाखविली असता ८ सेकंदांचे चित्र तयार होते. आठ सेकंदांसाठी चाळीस दिवस! चिकाटी, प्रकाशाचे सातत्य आणि चलच्चित्राचे मूळ तत्त्व या तिन्ही गोष्टी विद्यार्थी यातून शिकतो.

दुसऱ्या पायरीवर संवादाविना दहा दृश्यांत एक लहान घटना सांगावी. विहिरीवरून पाणी आणणे, बाजारातील सौदा, एस. टी. चुकणे असा कोणताही साधा प्रसंग घ्यावा. प्रत्येक दृश्य फार तर दोनदा चित्रित करण्याची मुभा असावी. पूर्वी फिल्मच्या किमतीमुळे ही शिस्त आपोआप पाळली जात असे. एक हजार फुटांचे ३५ मि.मी.चे रीळ सुमारे ११ मिनिटांत संपे. आज ही मर्यादा शिक्षकाने घालून द्यावी लागते.

तिसरी पायरी ध्वनीची. चित्र न घेता तीन मिनिटांत आठवडी बाजार, गिरणी किंवा शाळेची मधली सुट्टी केवळ आवाजाने उभी करावी. नवशिक्याच्या कामात चित्रापेक्षा आवाजच अधिक वेळा बिघडतो. वारा, पंखा आणि रस्त्यावरची वाहने यांच्यापासून शब्द वाचविणे हे मोठे कौशल्य आहे.

चौथ्या पायरीवर पाच ते सात जणांच्या गटाने दहा मिनिटांचा माहितीपट करावा. लेखन, चित्रण, ध्वनी, संकलन, हिशेब आणि व्यवस्था अशी कामे वाटून घ्यावीत. पुढील कामाच्या वेळी ती आपसांत बदलावीत. सर्वांनाच दिग्दर्शक व्हावेसे वाटते. हिशेबाची वही आणि ध्वनीची पेटी सांभाळल्यावर निर्मिती हे अनेकांचे काम आहे, हे उमगते.

चित्रीकरणस्थळी उमेदवारी

महाविद्यालयाबाहेरील अनुभवासाठी मुंबईत गोरेगाव येथे १९७७ मध्ये स्थापन झालेली दादासाहेब फाळके चित्रनगरी आणि कोल्हापूरची चित्रनगरी ही केंद्रे आहेत. अनेक जिल्ह्यांत बाहेरील चित्रीकरणही होते. वाई आणि मेणवली येथील घाट व वाडे अनेक चित्रपटांतून दिसले आहेत. ‘स्वदेस’ या २००४ च्या चित्रपटाचे बरेच चित्रीकरण मेणवलीस झाले.

अशा ठिकाणी उमेदवाराच्या वाट्यास येणारी कामे साधी दिसतात. दृश्याचा क्रमांक लिहिलेली पाटी धरणे, कोणत्या दृश्यात कोणता पदर कोणत्या खांद्यावर होता याची नोंद ठेवणे, दुसऱ्या दिवसाच्या कामाचे वेळापत्रक सर्वांना पोहोचविणे, दिवसभराचे चित्रण दोन ठिकाणी उतरवून त्याची यादी करणे अशी ती कामे असतात. यांतील एक नोंद चुकली तर संकलनाच्या टेबलावर संपूर्ण दृश्य वाया जाऊ शकते. विद्यार्थ्याने रोज दैनंदिनी लिहावी आणि तिच्या आधारे महाविद्यालयाने मूल्यमापन करावे. केवळ उपस्थितीचे प्रमाणपत्र पुरेसे मानू नये.

कायदा आणि जबाबदारी

उमेदवारीस पाठविण्यापूर्वी महाविद्यालयाने कामाचे स्वरूप, तास, कालावधी, मानधन असल्यास त्याची रक्कम, प्रवास, राहण्याची सोय आणि देखरेख करणारी व्यक्ती यांचा उल्लेख असलेले लेखी पत्र घ्यावे. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याचे संरक्षण प्रशिक्षणार्थींनाही आहे. तक्रार कोणाकडे करावयाची याची माहिती विद्यार्थिनींना आणि त्यांच्या पालकांना आधीच द्यावी. अनेक मुलींचे या क्षेत्रातील पाऊल केवळ या एका काळजीपोटी घरातच अडते.

विद्यार्थ्यावरही जबाबदाऱ्या आहेत. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार दुसऱ्याचे गीत किंवा चित्रण परवानगीविना आपल्या चित्रपटात घालून प्रसिद्ध करता येत नाही. त्यापेक्षा गावातील भजनी मंडळाची किंवा हलगीवादकाची संमती घेऊन त्यांचे वादन मुद्रित करावे आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव द्यावे. शैक्षणिक संस्थेत शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यापुरते चित्रपट दाखविण्यास या कायद्यात सवलत आहे. सार्वजनिक प्रदर्शनासाठी मात्र १९५२ च्या चलच्चित्र कायद्यानुसार प्रमाणपत्र लागते. ज्यांचे चित्रण करावयाचे त्यांची संमती आणि मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आधी घ्यावी. एखाद्याच्या दारिद्र्याचे किंवा दुःखाचे चित्र घेताना त्या व्यक्तीचा मान राखला जात आहे ना, हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःस विचारावा.

पंचायत आणि प्रशासन यांचा वाटा

ग्रामपंचायतीने मनात आणल्यास गाव हीच चित्रपटाची कार्यशाळा होऊ शकते. ग्रामसभेचे कामकाज, पाणलोटाचे काम, अंगणवाडी, जत्रा, लोप पावत चाललेला एखादा व्यवसाय, वृद्धांनी सांगितलेली दुष्काळाची आठवण, असे कितीतरी विषय हाताशी आहेत. पंचायतीने चित्रीकरणास परवानगी द्यावी, दप्तर पाहू द्यावे आणि तयार झालेला माहितीपट ग्रामस्थांना दाखवून त्यावर चर्चा घडवावी. माहितीपटात पदाधिकाऱ्यांचा सत्कारच असावा, अशी अपेक्षा बाळगू नये. नळाला पाणी येत नाही, हे दाखविणारा माहितीपट पंचायतीस अधिक उपयोगाचा ठरतो. गावात एखाद्या निर्मितीसंस्थेचे चित्रीकरण होणार असेल, तर पंचायतीने जवळच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांना उमेदवार म्हणून घेण्याची विनंती अवश्य करावी.

तालुका व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांना आरोग्य, शेती आणि जलसंधारण या योजनांची माहिती स्थानिक बोलीत देणाऱ्या लहान चित्रफितींची गरज नेहमी भासते. हे काम रीतसर ठरवून आणि योग्य मोबदला देऊन विद्यार्थी-गटांकडे सोपविता येईल. तयार झालेली प्रत्येक चित्रफीत तारीख, स्थळ आणि नावे यांच्या नोंदीसह महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जतन करावी. भारतातील मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत, कारण ते जपून ठेवण्यासारखे आहेत असे त्या वेळी थोड्यांनाच वाटले.

या विषयासाठी शिक्षकाने स्वतः दिग्दर्शक असण्याची आवश्यकता नाही. शिस्त, वाचन आणि परिसराची जाण असलेला भाषेचा, इतिहासाचा किंवा विज्ञानाचा शिक्षक बाहेरील तंत्रज्ञांच्या साहाय्याने हा अभ्यासक्रम चालवू शकतो. येत्या सत्रात प्रत्येक महाविद्यालयास पहिल्या पायरीचा उपक्रम, म्हणजे एक कुंडी, एक तिपाई आणि चाळीस दिवसांची नोंदवही, एवढ्या तयारीने आरंभ करता येईल. त्यासाठी स्वतंत्र अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही.